तीन पायांचा कोंबडा

‘मेलेलं माणूस आणि बियाणाचा मका, दोन्ही पुरतं वाळल्याशिवाय हात लावू नये,’ असं निकानोराची सासू सातुर्नीना म्हणायची. आता ती स्वतःच गावच्या कबरस्तानात सिमेंटच्या कप्प्यात पडून होती. तिला तीन वर्षं भरली होती, आणि ऑक्टोबर सरायला आला तरी पाऊस काही पाठ सोडत नव्हता.

त्या गावात हातभर खणलं की खडक लागतो, म्हणून माणसाला जमिनीवरच कप्प्यात ठेवतात. तीन वर्षांनी कप्पा फोडायचा, हाडं काढायची, घासूनपुसून लख्ख करायची, नव्या, भरतकाम केलेल्या कापडात घालून लाकडी पेटीत ठेवायची आणि पेटी कोनाड्यात. मग दर वर्षी मृतांच्या सणाआधी हाडं पुन्हा पुसायची, कापड बदलायचं. माणूस मेलं म्हणून काय त्याला मळक्या कापडात ठेवायचं? लोक तोंडात शेण घालतील.

निकानोरा दाराशी स्टुलावर बसून तेच कापड भरत होती. मधोमध सासूचं नाव, कडेनं नुसती फुलं. कोंबडा तिनं मुद्दाम टाळला होता. सातुर्नीना म्हणजे पंचक्रोशीत एक नंबरची भरतकामवाली, तिचा कोंबडा असा की बघणाऱ्याला वाटावं आता आरवतोय. आणि निकानोराचा हात जड. दोऱ्यांची मोजणी नेमकी चुकायची आणि कोंबड्याला तिसरा पाय फुटायचा. नवी नवरी होऊन आली त्या वर्षी तिनं सासूसाठी परकराची किनार भरली होती, ओळीनं कोंबडे, सगळे तीन पायांचे. सासूनं अंगणात चार बायका बसलेल्या असताना परकर मांडीवर पसरला आणि कात्री घेऊन एकेक कोंबडा उसवला. शेवटचा एक राहिला तेव्हा म्हणाली, “ह्यो ऱ्हाऊ दे. कुणी पावणं आलं तर हसायला हुईल.” पुढं निकानोरानं तो परकर कुठंच पाहिला नाही. विचारलं तर सासू म्हणाली, “पोतेरं केलं त्याचं.”

ती गोष्ट निकानोरा विसरली नव्हती. बावीस वर्षं एका घरात काढली, शेवटची दोन वर्षं तर सासूचं हगणं-मुतणं हातानं काढलं, तरी तो परकर काही मनातून जात नव्हता.

“हायस का गं घरात?” डोक्यावर प्लास्टिकचं पोतं घेऊन शेजारची फिलोमेनाकाकू फाटकातून आत आली.

“दारात बसलीय म्हंजे घरातच की, काकू. या.”

फिलोमेनानं पोतं झटकलं, पाय पुसले आणि उगीच चुलीकडं बघत उभी राहिली. कशाला आली ते निकानोराला कळलं. सातुर्नीना ज्या कप्प्यात होती तो कप्पा फिलोमेनाच्या माहेरचा. तीन वर्षांपूर्वी घाईत मागून घेतला होता.

“बाबांचं काय खरं न्हाई बघ,” फिलोमेना म्हणाली. “दोन दिस पेजसुद्धा नको म्हणतात. मी घाई करत न्हाई हां. पण उद्या काय बरं-वाईट झालं तर म्हाताऱ्याला ठेवू कुटं? दुसऱ्याच्या दारात हात पसरू?”

“मोकळा करतोच, काकू. उद्या सकाळीच फोडायचाय. परवापासून सण.”

“तेच म्हणते मी. पण...” तिनं आवाज उतरवला. “शिवण उललीय गं कप्प्याची. शेवाळ आलंय वरनं खालपतूर. पाणी आत गेलं असंल तर?”

निकानोराची सुई थांबली. शेवाळाची ती हिरवी रेघ तिनंही पाहिली होती आणि नवऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

“आन् ओली निघाली तर पुन्हा लिंपून वरीसभर थांबायचं,” फिलोमेना म्हणाली. “लोक काय बोलतात तुला ठाऊकच हाय. ओलं निघालेलं माणूस म्हंजे कुणावर तरी रुसलेलं माणूस.”

“माझ्यावर रुसायला त्यांना मरायची काय गरज नव्हती,” निकानोरा म्हणाली. “जित्यापणीच रुसून झालं सगळं.”

फिलोमेना खदखदून हसली. पण ती गेल्यावर निकानोराला हसू आलं नाही.

दुपारी पाऊस जरा उघडला तशी ती नवऱ्याबरोबर, लिब्रादोबरोबर, रानात गेली. सणाला नवी शेंग आणि नवा मका हवाच. मक्याची ताटं त्यांनी महिन्यापूर्वीच मधोमध मोडून कणसं खाली तोंड करून लटकावली होती, पाणी वरच्या वर निथळून जावं म्हणून. तरी इतक्या पावसापुढं कणसाचं काय चालणार? लिब्रादोनं एक सोललं. बुडाशी दाणे काळे पडले होते, दोनचारांना तर कोंब आले होते.

“बघ,” तो म्हणाला. “उभ्या उभ्या उगवाय लागलं.”

त्यानं वरचा एक दाणा दाढेखाली धरला. कट् आवाज आला. मग त्यानं दुसरा कणसाच्या पोटातला चावला, तोही कट् वाजला.

“दाणा वाळलाय की.”

“दोन्ही?”

“चावून बघ. मी काय खोटं बोलतो?”

निकानोरानं चावला. खरंच वाळला होता. पावसातसुद्धा मोडलेल्या ताटाखाली दाणा वाळला होता. तिला जरा बरं वाटलं आणि मग स्वतःचाच राग आला. दाण्यावरनं सासूचा अंदाज काढायचा म्हणजे काय! गुडघ्याएवढ्या ओल्या गवतातून ती शेंगा तोडत राहिली. दगडांमधनं पाय घसरत होते, बोटांची चामडी पांढरी पडून सुरकुतली होती, आणि डास कानामागं बसून रक्त पीत होते.

“कासिल्दा येणार संध्याकाळच्या गाडीनं,” लिब्रादो शेंगांच्या टोपलीकडं बघत म्हणाला.

“येऊ दे की. सासूबाईंची लेक हाय.”

“ती म्हणतीय...” त्यानं डोक्यावरची टोपी काढून घाम पुसला. “आईची पेटी तिच्या गावाला न्यायची. त्यांनी तिकडं नवा कोनाडा बांधलाय. टाइल लावून.”

निकानोरा टोपलीतून मान वर करून त्याच्याकडं बघत राहिली. “आन् तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणणार? लेक हाय ती.”

“लेक हाय. आन् मी कोण? भाड्यानं ठेवलेली बाई?”

लिब्रादो वाकून शेंगा तोडायला लागला. न बोलण्यात त्याचा हात धरणारा सगळ्या गावात कुणी नव्हता. निकानोरानं टोपलीचा पट्टा कपाळावर घेतला आणि पाठीवर ओझं टाकून पुढं निघाली. वाटभर तिच्या मनात एकच होतं. हाडं जिकडं, आत्मा तिकडंच येणार. परवा नैवेद्याचं मेज मांडायचं, मेणबत्त्या लावायच्या, सासूला आवडतं तसं घट्ट चॉकलेट फेसून ठेवायचं आणि ती तिकडं लेकीच्या टाइलच्या कोनाड्यात. मग हे घर कशाला झाडायचं? बावीस वर्षं ज्या बाईनं आपल्याला एकदाही ‘बरं केलंस’ म्हटलं नाही, तिनं मेल्यावरसुद्धा आपल्या हातचं खायचं नाही म्हणजे हद्द झाली.

कासिल्दा दिवेलागणीला आली. दाट पावडर, पायात उंच चपला, त्या फाटकातल्या चिखलात रुतल्या. तिच्या नवऱ्याची शेजारच्या गावात पावाची भट्टी होती, म्हणून ती येताना नेहमी पाव आणायची आणि आल्या आल्या भावाच्या घरात काय काय नाही ते मोजायची. या वेळी पावाबरोबर चकचकीत कागदात गुंडाळलेलं कापड होतं. मेरिदा शहराच्या बाजारातून आणलेलं, मशीनचं भरतकाम, गुलाब असे एकसारखे की एकही पाकळी लहान-मोठी नाही.

“आईला हे घालू,” ती म्हणाली. “तुझं कुटं हाय? बघू.”

निकानोरानं आपलं कापड पुढं केलं. कासिल्दानं ते दिव्याखाली धरलं, उलटं केलं, मागच्या गाठी बघितल्या.

“नाव तरी धड टाकलंस. कोंबडा न्हाई काढलास?”

“न्हाई.”

“बरं केलंस बाई. आईला तिकडंबी तीन पायांचा कोंबडा मागं लागला असता.” ती हसली. लिब्रादोही चुकून हसला आणि बायकोचं तोंड बघून खाली बघायला लागला.

“वन्सं,” निकानोरा म्हणाली, “कापड तुमचं घाला. मला काय त्याचं न्हाई. पण पेटी हिथं ऱ्हाऊ द्या.”

“का? तुझं आन् तिचं कधी पटलं?”

“पटलं न्हाई म्हणून काय झालं? राहिल्या हिथंच ना.”

“हिथं ऱ्हायला दुसरी जागा नव्हती तिला. आता हाय.” कासिल्दानं पावाची पिशवी खुंटीला लावली. “आन् ऐक. लिंपण उललंय म्हणं कप्प्याचं, मला रस्त्यातच कळलं. ओली निघाली तर मात्र मी बोलणार हाय निकानोरा. धाकट्या-थोरल्यांसमोर बोलणार. काय सल होता माझ्या आईच्या मनात, ते या घरानंच सांगायचं.”

रात्रीचं जेवण तिघांनी खाली माना घालून केलं. ओली निघाली तर सगळा दोष निकानोराचा, आणि वाळलेली निघाली तर पेटी कासिल्दाची. निकानोराला दोन्हीकडनं मार होता.

सकाळी आभाळ फाकलं. खरंच, आठवड्यात पहिल्यांदा ऊन पडलं आणि कबरस्तानाच्या निळ्या-गुलाबी-पिवळ्या भिंतींमधनं वाफा निघायला लागल्या. आत नुसती लगबग. कुणी कोनाड्याला चुना लावतंय, कुणी आजीची कवटी मांडीवर घेऊन मऊ ब्रशनं धूळ काढतंय, पोरं मधनंच बर्फाचा गोळा खात पळतायत. “आजोबा, जरा मान वळवा,” असं कुणीतरी हाडांनाच सांगत होतं.

हाडं काढणारा वेनान्सियो छन्नी-हातोडा घेऊन तयार होता. आणि कप्प्यासमोर, लाकडी खुर्चीत, अंगावर घोंगडी घेऊन बसला होता फिलोमेनाचा बाप, क्रिसांतोबाबा. जो दोन दिवस पेज नको म्हणत होता तोच.

“अगं बया!” निकानोरा म्हणाली. “बाबा, तुम्ही हिथं?”

“जागा बघाया आलो,” म्हातारा म्हणाला. दातांचं नाव नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. “पुढं लई दिस पडून ऱ्हायचं, आधी बघितलेलं बरं. गळतंय म्हणं.”

“हट्टच धरला,” फिलोमेना कपाळाला हात लावून म्हणाली. “ढकलगाडीवर घालून आणलंय. सकाळी दोन वाट्या पेज पिऊन.”

वेनान्सियोनं शिवणीवर छन्नी लावली. पहिल्या घावाला हिरवं शेवाळ सोलून पडलं. कासिल्दानं छातीवर क्रूस काढला. निकानोरा पुढं झाली आणि रीतीप्रमाणं कप्प्याच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “सासूबाई, उठा. आंघोळ घालायला आलोय. दचकू नका, हातोडा वेनान्सियोदादाचा हाय.”

ठोके पडत राहिले. सिमेंटचे तुकडे खाली पडत होते, धूळ घशात जात होती. लिब्रादो बाजूला उभा राहून टोपी पिळत होता.

“आमच्या आज्याच्या आज्याच्या येळेला हे असलं काय नव्हतं,” क्रिसांतोबाबा कुणी विचारलं नसताना सांगायला लागला. “माणूस मेलं की घराच्या जमिनीतच पुरायचे. चूल वर, आजी खाली. हाडं म्हंजे बियाणं, ते काय घराबाहेर ठेवत्यात व्हय? मग पाद्री आले. म्हणाले, हे पाप, हाडं देवळामागं ठेवा. आपल्या लोकांनी बरं म्हटलं, देवळामागं ठेवली. आन् दर वर्साला काढून पुसाय लागले. पाद्रीबाबाला वाटलं आपण जिंकलो, आज्याला वाटलं आपण जिंकलो.”

“बाबा, गप बसा जरा,” फिलोमेना म्हणाली.

“गप तर बसायचंच हाय आता. तीन वरसं त्यातच बसायचं हाय.”

शेवटचा तुकडा निघाला. वेनान्सियोनं हात आत घातला. सगळे थांबले. फुटकी फळी निघाली, मग वेनान्सियोनं मूठभर काहीतरी बाहेर काढलं, उन्हात धरलं आणि बोटांनी चोळलं. बारीक कोरडी माती त्याच्या बोटांतून वाऱ्यावर उडाली.

“वाळलीय,” तो म्हणाला. “खणखणीत.”

“पाणी?” लिब्रादोचा आवाज फुटला.

“पाणी बाहेरच्या बाहेर गेलं. आत थेंब न्हाई.”

निकानोराला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. कुणावरच रुसलेली नव्हती म्हातारी. क्रिसांतोबाबानं खुर्चीच्या हातावर थाप मारली. “म्हंजे कप्पा चांगलाय! फिलोमे, बघितलंस? कोरडाय!”

वेनान्सियोनं चादर पसरली आणि हाडं एकेक करून बाहेर द्यायला लागला. निकानोरा एका बाजूला बसली, कासिल्दा दुसऱ्या बाजूला, दोघींच्या हातात एकेक ब्रश. पायाची लहान हाडं, नडग्या, गुडघ्याच्या वाट्या. उजवा गुडघा झिजलेला होता, त्याला रोज संध्याकाळी निकानोरा तेल चोळायची. तिनं तो जरा जास्त वेळ पुसला. बोटांची हाडं आली तेव्हा दोघी आपोआप हळू झाल्या. या बोटांनी सुई धरली होती आणि कात्रीसुद्धा.

“केस हायेत अजून,” कासिल्दा म्हणाली. वेणी तशीच होती, राखाडी, लाल फितीसकट. तिनं ती ओंजळीत घेतली, आणि पावडर लावलेल्या गालावरनं पाणी आलं.

मग वेनान्सियोनं कप्प्याच्या तळातून हात फिरवून उरलेलं झाडून काढलं. माती, दोन खिळे, गळ्यातली क्रुसाची माळ, आणि चिंधीसारखं काहीतरी. कापड सगळं कुजून गेलं होतं. वरचा अंगरखा नव्हता, परकर नव्हता. पण कापड गेलं तरी नायलॉनचा दोरा मागं राहिला होता. बोटाएवढ्या जाळीसारखा, लाल, हिरवा, निळा. वेनान्सियोनं तो तळहातावर पसरला.

“हे काय गं? कोंबडाय का कोळी?”

निकानोरानं बघितलं. लाल तुरा, निळी शेपूट, आणि पाय. एक, दोन, तीन.

तिला आधी काही कळेचना. परकराचं तर पोतेरं केलं होतं. ती कात्री, त्या हसणाऱ्या बायका. शेवटचा एक ठेवला होता तोच हा. तिनं कासिल्दाकडं बघितलं. सासूला शेवटचे कपडे लेकीनंच घातले होते, निकानोरा तेव्हा आल्यागेल्यांसाठी चुलीशी होती.

कासिल्दा वेणीकडं बघत होती. मान काही वर करेना.

“वन्सं,” निकानोरा म्हणाली. “हा हिथं कसा आला?”

“मला काय विचारतीस?”

“कापडं तुम्हीच घातली.”

बराच वेळ कासिल्दा वेणीवरून ब्रश फिरवत राहिली. मग तो तिनं खाली आपटला.

“तिनंच मागितला! जायच्या आदल्या दिवशी. कपड्यांच्या पेटीच्या तळाला होता, कापडात बांधून ठेवलेला. मी म्हटलं, आई, चांगला रेशमी परकर आणलाय मी, हे काय घालतीस, लोक हसतील. तर म्हणाली, हसू दे.” तिनं नाक ओढलं. “म्हणाली, समद्या गावाचे कोंबडे दोन पायांचे. माझेबी दोन पायांचे. वरनं परत येताना मी घर कसं वळखायचं? ह्यो एकच असा हाय, दुसऱ्या कुणाच्या घरचा असूच शकत न्हाई.”

शेजारच्या कोनाड्यापाशी कुणाचं तरी पोर हसत होतं.

“तीन वरसं बोलला न्हाईत,” निकानोरा म्हणाली.

“राग आला मला. मी रेशीम आणलं आन् तिनं हे मागितलं. माझ्या घराची खूण न्हाई मागितली.” कासिल्दा आता लहान पोरीसारखी मुसमुसायला लागली. “तिला ठाऊक होतं कुटं यायचं ते. मलाबी ठाऊक होतं. टाइल लावून काय हुतंय!”

लिब्रादोनं टोपी डोक्यावर घातली. मग त्या मुखदुर्बळ माणसानं आयुष्यात पहिल्यांदा बहिणीला पुरतं वाक्य ऐकवलं. “कासे, आई हिथंच ऱ्हाईल, आन् तू दर साली यायचं, तुझा हात लागल्याबिगर पेटी बंद न्हाई करायची.”

“येणारच,” कासिल्दा म्हणाली. “कुणाच्या बापाची भीती हाय?”

“तुझ्याच बापाची होती,” क्रिसांतोबाबा म्हणाला, “लई मारायचा.” आणि कासिल्दा रडता रडता हसली.

निकानोरानं ती दोऱ्यांची जाळी हातात घेतली. हलकी, पिसासारखी. तिला हसावं की रडावं कळत नव्हतं. चांगलं म्हणायला म्हातारीचं तोंड शिवलेलं, आणि दिलं ते सुद्धा टोमण्यातच गुंडाळून. पण दिलं होतं. चक्क अंगावर घालून गेली होती.

ती उठली, पिशवीतून आपलं कापड काढलं, सुईदोरा काढला आणि चादरीच्या कडेला मांडी घालून बसली.

“आता काय करतीस?” फिलोमेना म्हणाली.

“कोंबडा काढते. उद्यापास्नं सुईला हात न्हाई. आत्मे आले की शिवायचं न्हाई, त्यांचं बोट टाक्यात अडकतं. आजच काढला पाहिजे.”

पण सुई ओवता येईना. डोळ्यांत पाणी होतं आणि ऊन लख्ख पडलं होतं. कासिल्दानं तिच्या हातातून सुई घेतली, दोरा जिभेवर ओला करून एका झटक्यात ओवला आणि परत दिली.

“नायलॉनचा हाय ना?”

“नायलॉनचाच.”

मग बाकीचे थांबले. लिब्रादो घरी गेला, अंगणात खड्डा खणून दगड तापवायला, कारण उद्या केळीच्या पानांत बांधलेली मोठी मक्याची भाकर कोंबडीसकट जमिनीत भाजायची होती. क्रिसांतोबाबा उन्हात बसल्या बसल्या घोरायला लागला. निकानोरा मान खाली घालून कापडाच्या कोपऱ्यात टाके घालत होती. तुरा झाला, शेपूट झाली. पाय झाले. तिनं कापड लांब धरून बघितलं आणि तिचं तोंड पडलं.

“काय झालं?”

“दोनच झाले.”

कासिल्दानं कापड ओढून घेतलं आणि मोजलं. “व्हय की गं! अगदी आईसारखा झालाय. पंचवीस वर्षांत कधी जमलं न्हाई आन् आज जमलं!”

“आता कशाला जमायचं होतं!” निकानोरा जवळजवळ ओरडलीच. फिलोमेना पोट धरून हसत खाली बसली, वेनान्सियो हसता हसता खोकायला लागला, आणि म्हातारा दचकून जागा झाला. “मेलो का मी?” त्यानं विचारलं.

“न्हाई, बाबा.”

“मग हसताय कशाला?”

निकानोरानं ओठ चावून तिसरा पाय घातला. नीट, मोजून, घट्ट. गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला.

मग त्यांनी सातुर्नीनाला पेटीत ठेवलं. तळाला कासिल्दाचं गुलाबांचं कापड, कारण आणलेली वस्तू परत न्यायची नसते. त्यावर निकानोराचं. आधी पायाची हाडं, मग हाताची, मग लांब हाडं उभी, सगळ्यांत वर कवटी, आणि तिच्याभोवती वेणी. जुना कोंबडा बरगड्यांपाशी ठेवला. नवा कापडाच्या टोकावर, पेटीच्या कडेवरून बाहेर लोंबत होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. झाकण रीतीप्रमाणं अर्धं उघडं ठेवलं, म्हातारीला वारा लागावा म्हणून.

कासिल्दानं पेटीवर हात ठेवला आणि पुढं गेली. निकानोरा मागं राहिली. पेटी कोनाड्यात नीट सरकवली, कापडाची सुरकुती सारखी केली आणि वाकून कवटीच्या कानाशी म्हणाली, “आता उसवून दाखवा, सासूबाई.”